स्पॅनिशच्या तासाला नापास

सर मैदान कधी तिरपं ओलांडत नसत. शाळेच्या फाटकातून गणिताच्या वर्गाकडे जायचं तर मैदान मधून कापलं की झालं. सगळी शाळा तशीच जायची, आणि त्या पायवाटेवर गवतानेही उगवायचं सोडून दिलं होतं. सर मात्र कुंपणाच्या कडेने सरळ कोपऱ्यापर्यंत जात, तिथे क्षणभर थांबत, कवायतीतल्या शिपायासारखे वळत आणि दुसरी बाजू धरत. कर्ण हा दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान असतो, हे आम्हाला फळ्यावर सिद्ध करून दाखवणारा माणूस स्वतः जन्मभर दोन्ही बाजू चालला.

विचारलं की म्हणत, "कर्ण वहीत काढायचा असते. जमिनीवर काढला का दुसऱ्याच्या जागेतून जा लागते."

मैदानात दुसऱ्या कुणाची जागा नव्हती. पण सरांशी वाद घालून हाती काही लागत नसे. पोरांनी त्यांचं नाव 'काटकोन' ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकदा हजेरी घेता घेता म्हणाले, "काटकोन म्हनता ते ठीक हाये. लघुकोन म्हनसान त मार खासान."

मी नववीला दारव्ह्याला आले तेव्हा विदर्भ नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. जुना अभ्यासक्रम गेला होता, नवा पुरता पोचला नव्हता, आणि शाळेच्या वेळापत्रकात शनिवारी एक तास रिकामा पडला होता. आमचे हेडमास्तर नियमाचे माणूस. नियम म्हणजे किती? एका वर्षी जादा चित्रकलेच्या वर्गात एकच मुलगा नापास होऊन मागे राहिला, तर त्या एकट्यासाठी हेडमास्तरांनी वर्षभर वर्ग भरवला. "नापास विद्यार्थ्याला त्याच वर्गात पुन्हा बसण्याचा हक्क आहे. वर्ग नाही म्हणून त्याला घरी पाठवता येणार नाही," हे त्यांचं वाक्य शाळेत पाठ होतं. तो मुलगा वर्षभर एकटा बसून घागर काढत होता, असं म्हणतात.

अशा माणसाला रिकामा तास सोसणं शक्यच नव्हतं. त्यांनी शिक्षकांना विचारलं, हा तास कोण घेतो? गणिताचे सर उठले. "मी स्पॅनिश घेतो."

"तुम्हाला स्पॅनिश येतं?"

"नाही. म्हनूनच."

या 'म्हनूनच'मागे महिनाभराची पायपीट होती, ती आम्हाला नंतर कळली. गावात कुणालाही येत नाही अशी भाषा सरांना हवी होती, आणि ती दारव्ह्यात सापडेना. उर्दू तर अर्ध्या गावाच्या घरची. अरबी मौलवीसाहेबांकडे, संस्कृत जोशीबुवांकडे. तेलुगू मारेगावकडून बदलून आलेल्या एका कारकुनाच्या घरी बोलत. डॉक्टरांच्या कपाटात फ्रेंचची दोन पुस्तकं निघाली. रशियनवर सरांनी फार आशा ठेवली होती, तर आर्णीला एक पुढारी निघाला, तो रशियनची मुळाक्षरं गिरवत होता. शेवटी स्पॅनिश. त्याबद्दल सरांनी वकिलाला विचारलं, डॉक्टरला विचारलं, स्टेशनमास्तरला विचारलं. सगळे नाही म्हणाले. प्रत्येक नकाराबरोबर सरांचा चेहरा खुलत गेला म्हणे.

पहिल्या तासाला त्यांनी वर्गाच्या फरशीवर चुन्याची रेघ मारली, धावण्याच्या शर्यतीला मारतात तशी. आम्हा सगळ्यांना रेघेवर अंगठे टेकवून उभं केलं, आणि शेवटी स्वतःही वहाणा काढून उभे राहिले.

"इंग्रजीत वकिलाचं पोट्टं पुढं असते, काहून का त्याच्या घरी इंग्रजी पेपर येते. हिशोबात दुकानदाराचं पोट्टं पुढं असते. मराठीत जो पुस्तकासारखा बोलते तो पुढं. आज साऱ्याइचा अंगठा एका रेघीवर हाये. माहाबी. घरी जाऊन इचारसान त मायबापालेबी येत नाही. आता पाहू कोन किती पळते."

मला हे भाषण थेट लागलं. मी महागावकडच्या खेड्यातून मावशीकडे शिकायला आले होते. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उठून "मले येते" म्हणाले, तर वकिलांचा वसंत असा हसला की त्यानंतर दिवाळीपर्यंत मी उत्तर येत असूनही हात वर केला नाही. बाकावर बसायचं, उत्तर मनात म्हणायचं, आणि दुसऱ्याने तेच सांगितलं की मनातच शाबासकी घ्यायची. स्वस्तातला कारभार होता. रेघेवर उभी राहिले तेव्हा माझ्या शेजारी वसंत होता, आणि त्याचा चेहरा माझ्याइतकाच कोरा होता. हे दृश्य मी फार आवडीने पाहिलं.

सरांनी सगळं रीतसर केलं होतं. विद्यार्थी म्हणून प्रवेशअर्ज भरला होता, हजेरीत शेवटचं नाव स्वतःचं घातलं होतं, आणि अर्जावर पालकाच्या सहीच्या जागी काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची सही होती. हेडमास्तरांनी अर्ज उलटसुलट पाहिला. वयाची अट कुठे लिहिलेली नव्हती. नियमात बसत होतं, म्हणून त्यांनी मंजूर केलं.

पुस्तक मुंबईहून टपालाने आलं. ते इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं होतं, म्हणजे इंग्रजीवाले पुन्हा पुढे. सरांना हे आधीच सुचलं होतं. पुस्तक हेडमास्तरांच्या कपाटात कुलूपबंद झालं. दर रविवारी सर हेडमास्तरांसमोर बसून एक धडा मराठीत उतरवून काढत, आणि तो कागद शनिवारच्या तासाच्या मास्तरला देत. मास्तर म्हणजे आमच्यापैकीच एक जण, पाळीपाळीने. त्याने आठवडाभर धडा घोकायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. सर शेवटच्या बाकावर.

वसंतने आक्षेप घेतला. "सर, धडा तुम्हीच उतरवता. म्हणजे तुम्हाला सगळं आधीच येणार."

सर म्हणाले, "उतरवल्यानं येत असतं त कचेरीतले सारे नकलनवीस आतापावेतो वकील झाले असते."

आणि खरंच, सरांना काही येत नसे. आधी आम्हाला वाटलं, आमचं मन राखायला सोंग करतात. तसं नव्हतं. आकडे सोडून दुसरं काही त्यांच्या डोक्यात टिकतच नसे. रविवारी स्वतःच्या हाताने लिहिलेला शब्द शनिवारी त्यांना परक्यासारखा भेटायचा. तरी ते घोकायचे. सकाळी फाटकातून वर्गाकडे त्या दोन बाजू चालताना त्यांचे ओठ हलत असत, आणि कोपऱ्यावर वळलं की अर्धं सांडायचं.

हे स्पॅनिशपुरतं नव्हतं. दरवर्षी एक न येणारी गोष्ट शिकायची, असा त्यांचा नेम होता. त्याआधीच्या वर्षी ते पिंजाऱ्याकडे गादीचा कापूस पिंजायला शिकत होते. पिंजारी चाचांच्या धनुकलीची तात तोडली, शेजारच्याच्या दुकानात कापूस उडवला, स्वतः भुतासारखे पांढरे होऊन घरी गेले. शेवटी चाचांनी हात जोडले. "मास्टर, तुम पोट्ट्यांको हिसाब सिखाव. रुई पे रहम करो." सर ही गोष्ट स्वतःच सांगत आणि वर म्हणत, "चाचा भला मानूस. मारलं नाही. मी असतो त मले मारलं असतं."

त्यांचं आवडतं स्पॅनिश वाक्य एकच. 'नो से.' म्हणजे मला माहीत नाही. धडा शिकवणाऱ्याने प्रश्न विचारला की सर लांबलचक उभे राहत, कोट नीट करत, आणि खणखणीत आवाजात म्हणत, "नो से!" एखाद्याला वाटावं, उत्तरच दिलं. म्हणायचे, "नो से म्हनाची लाज वाटली का मानूस म्हातारा झाला समजा."

शब्द न आल्यास बाकावर उभं राहायचं, ही शिक्षा आम्हीच ठरवली होती. सरांनी ती सर्वांत जास्त भोगली. उंच माणूस, बाकावर उभे राहिले की डोकं वाशाला लागायचं, म्हणून मान तिरपी करून उभे राहत. त्यांच्या शेजारी रामधन बसायचा. तांड्यावरून यायचा. घरी बंजाऱ्यांची गोर बोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. नवी भाषा म्हणजे त्याला नवं गाव, शिरलं की वाटा सापडतात. तो सरांना खालून हळूच शब्द पुरवायचा. माझी पाळी असताना मी ते पकडलं आणि रामधनला पुढे बसवलं. सर वरून म्हणाले, "बरोबर केलं. कापी करून आलेलं टिकत नाही." मग बिचाऱ्यासारखे म्हणाले, "पन तो शब्द काय होता?"

पाळीच्या त्या तासाला मी पहिल्यांदा वर्गासमोर उभी राहिले. मावशीच्या घरी चुलीसमोर तालीम केली होती. मावशी म्हणाली, "काय बोलून राह्यली माय? कोनाले शिव्या देतं?" आणि तिची कुसुम, माझी मावसबहीण, मागे लागली की मलेबी शिकव. वर्गात मी धडा घेतला, चुका झाल्या. पण त्या चुकांना हसायला लागणारं शहाणपण कुणाकडेच नव्हतं. त्यानंतर मी मराठीच्या तासालाही हात वर करू लागले. 'मले' म्हणूनच उत्तर द्यायचे. वसंत हसला नाही, कारण पुढच्या शनिवारी माझ्यासमोर बाकावर उभं राहायची पाळी त्याची होती.

बाजाराच्या दिवशी सर आम्हाला घेऊन निघत. भाजीवालीपुढे बसून, कागद न पाहता, भाव विचारायचा. सर अर्धं वाक्य म्हणत, उरलेलं आम्ही पुरं करायचो. वांगी विकणारी म्हातारी शांतपणे ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "मास्तर, कोनत्याबी भाषेत इचारा. वांगे तेच, भाव तोच, अन् किडकंबी मी निवडू देत नसतो."

सर आम्हाला म्हणाले, "पाहा. समजलं तिले."

सगळं ठीक चाललं होतं, ते तपासणीचे साहेब येईपर्यंत.

साहेब न सांगता आले. फळ्यापाशी मी होते, हातात छडी. वर्ग हसत होता, कारण सर मान तिरपी करून बाकावर उभे होते आणि पाव या शब्दावर अडकले होते. साहेब दारात थबकले. मागे हेडमास्तर.

"या वर्गाचे मास्तर कुठे आहेत?"

रामधनने उभं राहून सांगितलं, "साहेब, बाकावर उभे हायेत."

"का?"

"अभ्यास नाही केला त्याइनं."

"केलता," सर वरून म्हणाले. "राह्यला नाही डोक्यात."

 साहेबांनी खिशातून पेन काढून काहीतरी लिहिलं आणि गेले. त्या लिहिण्याचं फळ महिन्याभराने आलं. शाळेच्या कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष गावातल्या एका जिनिंगचे मालक. मिठ्ठास बोलणारा माणूस, पण एकदा बोलला की झालं. त्यांनी सरांना समोर बसवलं.

"मास्तर, आपला कापूस इथून मुंबईले जाते. तिथून पुढं तो कोनत्या भाषेत बोलते ते मुंबईवाले पाहून घेतीन. आपल्याले कायले तरास?"

सर म्हणाले, "कापसासाठी नाही शेटजी. पोट्ट्याइसाठी हाये."

"पोट्ट्याइसाठी गनित हाये ना. ते शिकवा. यंदाची परीक्षा घेऊन टाका. सारे पास झाले का पेढे माह्याकडून. अन् मंग वर्ग बंद."

हे हेडमास्तरांनी आम्हाला शनिवारी येऊन सांगितलं. ते गेल्यावर सर शेवटच्या बाकावर बसून राहिले. त्या दिवशी धडा रामधनचा होता. त्याने विचारलेलं काहीही सरांना आलं नाही, आणि बाकावर उभं राहा असं सांगायला कुणाची जीभ रेटली नाही.

घरी कुसुम वाट पाहत होती. ती आठवीत होती, पुढच्या वर्षी त्या वर्गात बसायचं म्हणून वही शिवून तयार. तिला सांगितलं तर म्हणाली, "काहून बंद करून राह्यले? कोनी चोरी केली का?" तीही माझ्यासारखीच वर्गात तोंड न उघडणारी. तिच्याशी बोलता बोलता मला कळलं की माझं बोलणं त्या चुन्याच्या रेघेवर सुरू झालं होतं, आणि कुसुमला ती रेघ मिळणार नव्हती.

परीक्षेची कामं सरांनी चिठ्ठ्या टाकून वाटली. प्रश्नपत्रिका वसंतने काढायची, तोंडी परीक्षा रामधनने घ्यायची, पेपर मी तपासायचे. आम्हा तिघांचे पेपर आम्हीच कसे तपासायचे, तर ते हेडमास्तर पुस्तक उघडून पाहणार. बाकीच्यांचे, सरांसकट, माझ्याकडे. सरांनी त्या परीक्षेचा अभ्यास जिवावर उदार होऊन केला. काकू मावशीला सांगत होत्या, "जेवताना पोयी पाहून स्पॅनिश बोलते मानूस. मी म्हटलं, आधी खाऊन घ्या, मंग तिची भाषा शिका." सरांना पास व्हायचं होतं, मनापासून. वर्ग बंदच होणार असेल तर निदान त्यातून पास होऊन बाहेर पडावं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

पेपर तपासला. सगळे पास झाले. सर दोन गुणांनी गेले.

मी बेरीज पुन्हा केली. मग वसंत आणि रामधनला बोलावलं. सरांनी जिथे आलं नाही तिथे जागा कोरी सोडली नव्हती. सुंदर वळणदार अक्षरात 'नो से' लिहिलं होतं. वसंतच्या अंगात त्याचे वडील शिरले.

"वाक्य शुद्ध आहे. भाषा स्पॅनिश आहे. आणि उत्तर खरं आहे. गुण द्यायलाच हवेत."

"दोनच त लागते," रामधन म्हणाला. "चार जागी लिवलं हाये त्याइनं. अर्धा अर्धा दे."

"गणिताच्या पेपरात सर काय करतात?" मी विचारलं. "विचारलं एक, लिहिलं एक, तर काय देतात?"

शाळेतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. शून्य.

"पन गावभर होईन ना," रामधन म्हणाला. "मास्तर नापास झाला म्हनून. शेटजी हसन. लेकरं हसतीन. तुले बरं वाटन का?"

बरं वाटणार नव्हतं. पण दोन गुण उगाच दिले असते तर सरांनी ते दुपारपर्यंत शोधून काढले असते, आणि मग मला रेघेवर उभं राहायला तोंड उरलं नसतं. मी पेपर घेतला आणि निघाले.

सर फाटकाजवळच्या निंबाखाली उभे होते. इस्त्रीचा कोट घालून आले होते. मी पेपर हातात दिला. त्यांनी आधी शेवट पाहिला, मग पहिल्या पानापासून बेरीज करत आले. ओठ हलत होते, आणि आकडे मात्र एकही सांडत नव्हते.

"बेरीज बरोबर हाये," म्हणाले.

"सर, मी..."

"बरोबर तपासला पोरी. मीबी हेच दिले असते."

पेपर माझ्या हातात परत दिला आणि निघाले. नेहमीसारखे कुंपणाच्या कडेने, पण हळूहळू, खांदे पाडून. मी फाटकातच उभी होते. कोपरा वळले, दुसरी बाजूही संपली, वर्गासमोर पोचले. थांबले. नेहमी तडक आत शिरत. या वेळी शिरलेच नाहीत. पाठमोरे तसेच उभे. मला वाटलं, रडतात की काय.

मग सर गर्रकन फिरले आणि मैदान तिरपं कापत माझ्याकडे सुटले. चालणं नव्हे, जवळजवळ पळत. कोटाचे पंख झालेले. पाण्याच्या टाकीपाशी खेळणारी पोरं खेळ सोडून पाहत राहिली. काटकोन कर्णावरून येत होता!

"पोरी," त्यांना धाप लागली होती. "मी नापास म्हंजे नापासच ना?"

"हो सर."

"पक्का? कोनी वाढवून त नाही देनार?"

"नाही सर."

"मंग लाल शाईनं लिही. मोठं लिही. लांबून दिसलं पायजे." आणि हसायला लागले. "अवो, नापास पोट्टं कुठी बसते?"

मला तेव्हा उमगलं. घागर काढणारा तो एकटा मुलगा डोळ्यांसमोर आला.

निकालाच्या दिवशी शेटजी पेढ्यांची टोपली घेऊन आले होते. हेडमास्तरांनी नावं वाचली. पास, पास, पास. शेवटचं नाव आलं तेव्हा ते अडखळले, चष्मा पुसला, आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं. नापास.

शेटजी पोट धरून हसले. सगळा वर्ग हसण्याने दणाणला. "वा मास्तर! शिकवनाराच नापास!"

"शिकनारा नापास," सर उभे राहून म्हणाले. "हेडमास्तरसाहेब, आता मले पुढच्या वर्षी कुठी बसवता?"

हेडमास्तरांनी शेटजींकडे पाहिलं, मग भिंतीकडे. त्या माणसाच्या आत त्या क्षणी काय चाललं असेल ते मला आज कळतं. नोकरी शेटजींच्या हातात होती. पण वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

"नापास विद्यार्थ्याला," हेडमास्तर हळूहळू म्हणाले, "त्याच वर्गात पुन्हा बसण्याचा हक्क आहे. वर्ग नाही म्हणून त्याला घरी पाठवता येणार नाही."

"अन् वर्ग उघडला का दार उघडं," सर म्हणाले. "मंग बाकीच्या बाकाइवर कोनी बसो."

"तसा नियमच आहे," हेडमास्तर म्हणाले. आता त्यांचा आवाज खणखणीत झाला होता. "पण नापास विद्यार्थ्याच्या पालकांना भेटावं लागतं. पालकांना बोलवा."

शिपाई काकूंना घेऊन आला. काकू पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. सगळं ऐकून घेतलं आणि सरांकडे बघत म्हणाल्या, "मी त सांगतच होती साहेब. बसते पुस्तक घेऊन, ध्यान सारं कुठीतरी. काय कराव या मानसाले? ठेवा अजून एक साल. सुधारला त सुधारला."

आणि त्यांनी सही केली. शेटजींनी पेढा उचलला, जरा वेळ हातात धरला, आणि सरांना दिला. "घ्या मास्तर. नापासाचा पेढा. अशी अक्कल माह्या मुनीमाले पायजे होती."

जूनमध्ये कुसुम रेघेवर उभी राहिली. शेवटी, अंगठा टेकवून, सर होतेच.

मॅट्रिकनंतरची वर्षं मी अमरावतीला शिकत होते. कुसुमकडून खबर यायची. सर यंदाही नापास. पुन्हा नापास. दरवर्षी खरा अभ्यास, खरा पेपर, आणि खरे नापास. गावाने आता हे गृहीत धरलं होतं. वांगीवाली म्हातारी म्हणे निकालाच्या दिवशी विचारायची, "मास्तर, गेले ना? मंग बरं."

साठ साल उलटून काही वर्षं झाल्यावर मी नोकरीला यवतमाळला होते, तेव्हा कुसुमच्या घरी दारव्ह्याला गेले आणि सरांना भेटायला वळले. निवृत्त झाले होते. ओट्यावर बसून काहीतरी शिवत होते. मला पाहताच म्हणाले, "पोरी, वाईट बातमी हाये. पास झालो."

"अरे वा! केव्हा?"

"रिटायर झालो त्याच साली. काय झालं कोन जाने, लक्षात राह्यलं सारं. पेपर हाती आला, मी बेरीज तपासली. मंग उलटी केली, खालून वर. एक चूक सापडन म्हटलं, कुठी एक त असन. नाही सापडली. ज्या पोट्टीनं तपासला ते तुह्यापेक्षाबी कडक."

"मग वर्ग बंद?"

"नाही ना! हेडमास्तर येऊन बसला. अर्ज भरून. म्हने, मले कुठी येते?" सरांनी सुई थांबवली. त्यांच्या डोळ्यांत हसू होतं आणि हळहळ होती. "पन तो मानूस पाठांतराचा पक्का. दर रविवारी कपाट उघडून बसत होता ना माह्यासमोर! पहिल्याच वर्षी पास होऊन गेला. अन् वर्ग बुडवला. इमानदारीनं नापास होनं साऱ्याइले नाही जमत, पोरी."

मी त्यांच्या हातातल्या शिवणाकडे बोट दाखवलं. एक पांढरा सदरा होता. काज पाडायचं काम चाललं होतं, आणि ते काज होतं की उंदराने कुरतडलेलं, सांगणं अवघड होतं.

"हे काय सर?"

"गावात बायाइचा शिवनवर्ग हाये. पोरी कमी झाल्या म्हनून बंद करून राह्यलते. मी नाव घातलं." त्यांनी सदरा उजेडाकडे धरला, काजातून एक डोळा लावून माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "हे पाह्य काज. हा वर्ग धा वर्षं हालत नाही."